धूमकेतू येण्याआधी: गच्चीवरून ताऱ्यांचा वर्णपट नोंदवताना

२०२४च्या ऑक्टोबरात पाऊस ओसरत असतानाच पश्चिमेच्या संधिप्रकाशात एक पाहुणा आला. सी/२०२३ ए३, म्हणजेच त्सुचिनशान–अ‍ॅटलास धूमकेतू. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळून गेला होता आणि १२ ऑक्टोबरच्या सुमारास संध्याकाळी दिसू लागला. पण चंद्र रोज वाढत होता. कोजागिरीला गच्च्यागच्च्यांवर दूध आटत होतं, टिपूर चांदणं पडलं होतं आणि त्या चांदण्यात धूमकेतूची शेपटी जवळपास विरून गेली होती. चंद्र उशिरा उगवू लागला तेव्हा काळोख मिळाला, पण तोवर धूमकेतू दूर जाऊन फिका पडायला लागला होता.

माझ्याकडे तेव्हा वर्णपट टिपण्याचं साहित्य होतं, सराव नव्हता. पहिल्या संध्याकाळी वर्णपट चौकटीबाहेर गेला. दुसऱ्या संध्याकाळी फोकस चुकला. तिसऱ्या दिवशी चित्र बरं आलं, पण कॅमेऱ्याचं घड्याळ कित्येक मिनिटं पुढे होतं आणि तुलनेसाठी एकाही ताऱ्याचा वर्णपट घेतलेला नव्हता. त्यामुळे त्या चित्रातून काही मोजता आलं नाही.

त्या ऑक्टोबरने शिकवलेली गोष्ट साधी आहे. धूमकेतू पाहुणा आहे, तारे घरचे. पाहुण्यासाठी करायचा पदार्थ आधी घरच्यांसाठी चार वेळा करून हात बसवावा लागतो. धूमकेतूचा प्रकाश वाचायला शिकायचं असेल, तर आधी वर्षभर ताऱ्यांचा प्रकाश वाचायला हवा. ते कसं करायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो.

एका धूसर डागात दोन प्रकारचा प्रकाश

जुनी माणसं धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. आपल्याला शेंडी दिसते, पण या साऱ्या पसाऱ्याचं मूळ असलेला गाभा बहुतेक वेळा काही किलोमीटरचाच असतो: पाण्याचा बर्फ, इतर गोठलेले वायू आणि धूळ यांचा गोळा. ही कल्पना फ्रेड व्हिपल यांनी १९५०मध्ये मांडली. गाभा सूर्याजवळ आला की बर्फाचं पाणी न होता थेट वायू होतो आणि तो धुळीला सोबत घेऊन बाहेर पडतो. गाभ्याभोवती हजारो किलोमीटर पसरलेलं आवरण तयार होतं. त्याला कोमा म्हणतात. दुर्बिणीतून दिसणारं डोकं म्हणजे हा कोमा.

त्यातली धूळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने मागे ढकलली जाते आणि तिची रुंद, किंचित वळलेली, पिवळसर शेपटी होते. विद्युतभारित झालेले वायू सौरवाऱ्याबरोबर वाहत जातात. त्यांची शेपटी सरळ, अरुंद आणि निळसर असते. दोन्हींचा रोख साधारण सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतो. म्हणून सूर्यापासून परत निघालेल्या धूमकेतूची शेपटी त्याच्या मागे नसते, पुढे चालते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की धूळ फक्त सूर्याचा प्रकाश परतवते. वायू मात्र सूर्यप्रकाश शोषून ठरावीक रंगांत पुन्हा बाहेर टाकतात. फोटोत हे दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळलेले असतात. वर्णपटात ते वेगळे होतात.

आधी डोळ्यांनी करायची नोंद

वर्णपटाकडे वळण्याआधी एक साधी नोंद शिकून घ्यावी. तिला बायनॉक्युलर, नकाशा, वही आणि घड्याळ एवढंच लागतं.

पहिली नोंद तेजाची. ताऱ्यांचं तेज प्रतीत मोजतात. प्रत जितकी लहान, तितका तारा तेजस्वी. तारा हा बिंदू आणि धूमकेतू हा पसरलेला डाग, मग तुलना कशी करायची? धूमकेतू नीट फोकस करून पाहायचा आणि त्याच्या कोमाचं सरासरी तेज मनात ठेवायचं. मग बायनॉक्युलरचा फोकस बिघडवून जवळच्या ताऱ्याचा डाग कोमाएवढा मोठा करायचा आणि दोन्हींचं तेज पडताळायचं. समजा एक तारा ४.० प्रतीचा आहे आणि दुसरा ४.६चा. धूमकेतू पहिल्यापेक्षा फिका, पण दोघांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर वाटला, तर त्याची प्रत ४.२. तुलनेचे तारे धूमकेतूएवढ्याच उंचीवरचे घ्यावेत. क्षितिजाजवळची जाड हवा प्रकाश खाते, म्हणून डोक्यावरच्या ताऱ्याशी केलेली तुलना फसवी निघते.

दुसरी नोंद कोमाच्या रुंदीची. तिला मात्र दुर्बीण लागते. स्थिर दुर्बिणीत आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतं. कोमाची पुढची कडा नेत्रिकेच्या मधल्या रेषेला लागल्यापासून मागची कडा सुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. त्यांना ०.२५ने आणि धूमकेतूच्या क्रांतीच्या (म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या) कोसाइनने गुणलं की रुंदी आर्कमिनिटांत मिळते. क्रांती २० अंश आणि वेळ ४० सेकंद असेल, तर ४० × ०.२५ × ०.९४, म्हणजे सुमारे ९.४ आर्कमिनिटं. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० आर्कमिनिटं असते, त्यावरून अंदाज येतो.

तिसरी नोंद कोमा मध्यभागी किती दाट आहे याची. पूर्ण पसरट, मध्य न जाणवणारा डाग ० आणि ताऱ्यासारखा टोकदार डाग ९. या तिन्ही नोंदींसोबत जागतिक वेळ लिहायची. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. संध्याकाळचे सव्वासात म्हणजे १३ वाजून ४५ मिनिटं. धूमकेतूच्या नोंदीत दिवसही दशांशात लिहितात. १८ तारखेचे १३:४५ म्हणजे १८.५७.

धूमकेतू शोधताना एक पथ्य कडक पाळावं. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण किंवा बायनॉक्युलर पश्चिमेकडे वळवू नये. भिंगातून क्षणभर दिसलेला सूर्यही डोळा कायमचा अधू करू शकतो.

प्रकाशाच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषा

१८१४मध्ये योझेफ फ्राउनहोफर या जर्मन भिंगकाराने सूर्याचा वर्णपट बारकाईने तपासला. त्यात त्याला शेकडो काळ्या रेषा दिसल्या. तो त्यांचा नकाशा करत गेला, ठळक रेषांना अक्षरं देत गेला. त्या कशामुळे पडतात याचं उत्तर मात्र १८५९–६०मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. तापलेला विरळ वायू ठरावीक रंगांच्या तेजस्वी रेषा देतो. त्याच वायूतून मागचा अखंड प्रकाश गेला, तर त्याच ठिकाणी काळ्या रेषा पडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते. सोडियमची जोडरेषा ५८९ नॅनोमीटरला, हायड्रोजनच्या रेषा ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ला.

या इतिहासाचा एक भाग आपल्या अंगणात घडला. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून आंध्रात गेली. विजयदुर्ग किल्ल्यावरचे जुने ओटे आजही त्या ग्रहणाची आठवण म्हणून दाखवले जातात. गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्या ज्वालांमध्ये सोडियमच्या जोडरेषेशेजारी, पण तिच्याहून वेगळी, ५८७.६ नॅनोमीटरची एक पिवळी रेषा होती. त्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच ती रेषा टिपली. ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची निघाली. त्याचं नाव हेलियम. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५मध्ये.

पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथे २० इंची परावर्ती दुर्बीण होती आणि त्यांचा खास विषय वर्णपटशास्त्र हाच होता. २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी ते सोलापूर भागातल्या जेऊरला साहित्य घेऊन गेले. पुढे ती दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. वर्णपट घेणं म्हणजे आपल्याकडे बाहेरून नव्याने आलेला छंद नव्हे. पुण्याच्या आकाशाखाली शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे काम मन लावून झालेलं आहे.

साहित्य: एक ग्रेटिंग, एक कॅमेरा, एक तिपाई

प्रकाशाचे रंग वेगळे करायला आज हौशी लोक प्रिझमऐवजी ग्रेटिंग वापरतात. ग्रेटिंग म्हणजे काचेवर अतिशय जवळजवळ आखलेल्या समांतर रेषा. सीडीच्या पाठीवर रंग उमटतात तेही असंच. सीडीवरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. ताऱ्यांसाठी मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग सोयीचं. 'स्टार अ‍ॅनालायझर १००' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते सव्वा इंची गोल चौकटीत बसवलेलं असतं.

सुरुवातीला दुर्बीणही लागत नाही. डीएसएलआर कॅमेरा, १०० मिलिमीटरची लेन्स आणि भक्कम तिपाई घ्या. लेन्सच्या तोंडावर काळ्या पुठ्ठ्याचं झाकण करून त्याच्या मधल्या गोल भोकात ग्रेटिंग बसवा. ग्रेटिंगची रुंदी सुमारे २५ मिलिमीटर, म्हणून लेन्स एफ/४वर वापरल्यासारखी होते. चित्रात ताऱ्याचा मूळ बिंदू दिसेल आणि त्याच्या बाजूला, काही अंतरावर, रंगांचा पट्टा. बिंदूच्या दोन्ही बाजूंना पट्टे असतात. त्यातला एक उजळ असतो, तो चौकटीत राहील असं कॅमेऱ्याचं तोंड ठेवायचं. २०२४मध्ये माझा पट्टा चौकटीबाहेर गेला तो हेच लक्षात न ठेवल्यामुळे.

हा पट्टा किती लांब पडेल, याचा हिशोब आधीच करता येतो. रेषांमधलं अंतर १०,००० नॅनोमीटर. त्याला कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलच्या रुंदीने गुणायचं आणि लेन्सच्या नाभीय अंतराने भागायचं. पिक्सेल ४.३ मायक्रोमीटरचा असेल, तर १०,००० × ४.३ ÷ १,००,००० = ०.४३ नॅनोमीटर प्रति पिक्सेल. म्हणजे निळ्या ४०० नॅनोमीटरपासून लाल ७००पर्यंतचा पट्टा सुमारे ७०० पिक्सेल लांब होतो.

दुर्बीण असेल, तर तेच ग्रेटिंग कॅमेऱ्याच्या नळीत सेन्सरच्या थोडं पुढे बसवतात. मग नाभीय अंतराऐवजी ग्रेटिंग ते सेन्सर हे अंतर धरायचं. ५० मिलिमीटर अंतर आणि ३.७५ मायक्रोमीटरचे पिक्सेल असले, तर ०.७५ नॅनोमीटर प्रति पिक्सेल. तपशील थोडा कमी, पण दुर्बीण जास्त प्रकाश गोळा करते म्हणून फिके तारे आवाक्यात येतात.

आकाशाकडे वळण्याआधी एक संध्याकाळ रस्त्यावरच्या दिव्यांना द्या. दूरचा दिवा ग्रेटिंगमधून बिंदूसारखाच वागतो. एलईडीचा वर्णपट अखंड असतो, निळ्याकडे एक उंचवटा दिसतो. जुन्या सीएफएलमध्ये पाऱ्याच्या ठसठशीत रेषा दिसतात, त्यातली हिरवी ५४६.१ला आणि निळी ४३५.८ला. पिवळ्या सोडियम दिव्यात ५८९चा भाग वेगळा उठून दिसतो. अखंड पट्टा कसा दिसतो आणि सुटी रेषा कशी, हे डोळ्यांना तिथेच समजतं.

पहिली रात्र: अभिजित किंवा व्याध

पावसाळ्यानंतर सुरुवात करणार असाल, तर ऑक्टोबर–नोव्हेंबरच्या संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूला उंच असलेला अभिजित निवडा. हिवाळ्यात व्याध. दोघेही पांढरे, तेजस्वी, आणि दोघांच्याही वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठळक.

लेन्सचा फोकस आधी मूळ बिंदूवर करा, मग चाचणीची चित्रं घेऊन पट्ट्यातल्या काळ्या रेषा सर्वांत स्पष्ट होतील तिथे आणा. या दोन जागा किंचित वेगळ्या असतात. अंतिम फोकस रेषांवरचाच ठेवायचा.

आता एक युक्ती. तिपाईवरचा कॅमेरा स्थिर आणि आकाश सरकतं, म्हणून तारा रेघ काढतो. ही अडचण वाटते, पण ती कामाला लावता येते. ग्रेटिंग असं फिरवा की रंगांचा पट्टा उत्तर–दक्षिण पडेल. तारा पूर्व–पश्चिम सरकतो, त्यामुळे धाग्यासारखा बारीक पट्टा रुंद होत फितीसारखा होतो आणि त्यात रेषा आडव्या उमटतात. आपल्या मांडणीत एक पिक्सेल सुमारे ८.९ आर्कसेकंदांचा. व्याध दर सेकंदाला सुमारे १४.४ आर्कसेकंद सरकतो. पंधरा सेकंदांत तो २४ पिक्सेल रुंदीची फीत देतो. वाचायला ती पुरेशी आहे.

चित्रं रॉ स्वरूपात घ्या. पट्ट्याचा कुठलाही भाग पूर्ण पांढरा पडू देऊ नका, कारण जिथे सेन्सर भरून जातो तिथली रेषा पुसली जाते. दहा-पंधरा चित्रं घ्या, मग झाकण लावून तितक्याच वेळाची चार-पाच काळी चित्रं घ्या. ती वजा केली की सेन्सरचे स्वतःचे डाग निघून जातात. घड्याळ त्याच दिवशी मोबाइलच्या वेळेशी जुळवा.

चित्राचा आलेख करताना

पट्ट्याच्या लांबीवर प्रत्येक ठिकाणी किती प्रकाश आहे, हे मोजून आलेख काढायचा. त्यासाठी आर-स्पेक, आयसिस किंवा बास प्रोजेक्ट यांसारखी सॉफ्टवेअर हौशी लोक वापरतात. सॉफ्टवेअर काय करतं ते मात्र स्वतःला समजलं पाहिजे, म्हणून पहिला आलेख हिशोब मांडून करावा.

समजा अभिजितचा मूळ बिंदू ६१२व्या पिक्सेलवर आहे आणि निळ्या-हिरव्या भागातली खोल दरी १७४२व्या पिक्सेलवर. फरक ११३०. ती दरी हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरची रेषा असेल, तर एक पिक्सेल ०.४३०२ नॅनोमीटरचा झाला. हे खरं आहे का, हे पुढची दरी सांगते. ती बिंदूपासून १००९ पिक्सेलवर सापडली, तर गुणाकार ४३४.० येतो. हायड्रोजनची पुढची रेषा नेमकी तिथेच असते. दोन आकडे असे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा आपण नुसता रंगीत पट्टा पाहत नसतो, मोजत असतो.

दुसरी दुरुस्ती यंत्राची. कॅमेरा सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाही. साध्या डीएसएलआरमधल्या गाळणीमुळे लाल टोकाचा प्रकाश फार कमी होतो, म्हणून हायड्रोजनची ६५६.३ची रेषा फिकी दिसते. अभिजितसारख्या ताऱ्याच्या वर्णपटाचा खरा आकार ग्रंथालयांतून उपलब्ध आहे. आपल्या आलेखाला त्याने भागलं की यंत्राचा स्वभाव कळतो. त्याच रात्री, त्याच मांडणीत घेतलेल्या इतर वर्णपटांना तो स्वभाव लावून ते सरळ करता येतात. म्हणून प्रत्येक रात्री एक ओळखीचा तारा घ्यावाच लागतो. २०२४मध्ये मी नेमकी हीच पायरी गाळली होती.

खगोल कॅमेऱ्यात लालच्याही पलीकडचं दिसतं. तिथे ७६० नॅनोमीटरला प्रत्येक ताऱ्यात एक खोल दरी सापडते. ती ताऱ्याची नाही. आपल्या वातावरणातल्या ऑक्सिजनची आहे. ६८७ला त्याचीच दुसरी, छोटी दरी असते. ताऱ्याचं काय आणि आपल्या हवेचं काय, हे वेगळं करणं वर्णपट वाचण्याचा पहिला धडा आहे.

नक्षत्रांच्या वाटेने वर्षभर

एका ताऱ्याचा वर्णपट जमला की दुसरा घेऊन शेजारी ठेवा. हिवाळ्यात मृगाच्या परिसरात चार पावलांत मोठा फरक पाहायला मिळतो. राजन्य निळसर, उष्ण. व्याध पांढरा, हायड्रोजनच्या रेषा सर्वांत खोल. ब्रह्महृदय पिवळा, रेषा पुष्कळ पण बारीक. रोहिणी नारंगी. काक्षीच्या तांबड्या वर्णपटात तर पायऱ्यापायऱ्यांसारखे रुंद पट्टे दिसतात. ते टायटॅनियम ऑक्साइड या रेणूचे. इतक्या थंड वातावरणातच रेणू टिकू शकतात. उन्हाळ्यात हाच प्रवास चित्रा, स्वाती आणि ज्येष्ठा यांच्या सोबतीने करता येतो.

इथे प्रश्न पडतो. व्याधात हायड्रोजन ठळक आणि सूर्यासारख्या पिवळ्या ताऱ्यात फिका, तर सूर्यात हायड्रोजन कमी आहे का? नाही. उत्तराची किल्ली मेघनाद साहा यांनी १९२०मध्ये दिली. कुठल्या तापमानाला किती अणू विद्युतभारित होतात, याचं समीकरण त्यांनी मांडलं. दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषांसाठी इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. थंड ताऱ्यात तसे अणू फार थोडे, अतिउष्ण ताऱ्यात हायड्रोजनचा इलेक्ट्रॉनच सुटून गेलेला. सुमारे १०,००० केल्विनच्या आसपास रेषा सर्वांत खोल होतात. साहांच्या समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत. गच्चीवरून घेतलेल्या चार पट्ट्यांच्या रांगेत हा सगळा युक्तिवाद डोळ्यांसमोर येतो.

सराव झाला की वेगळे तारे निवडा. वृश्चिकातल्या अनुराधा नक्षत्राचा डेल्टा स्कॉर्पिआय हा तारा २०००मध्ये अनपेक्षितपणे तेजस्वी झाला. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते अर्जेंटिनातल्या सेबास्टियन ओतेरो या हौशी निरीक्षकाच्या, नुसत्या डोळ्यांनी. वेगाने फिरणाऱ्या या ताऱ्याभोवती वायूची तबकडी आहे आणि ६५६.३च्या जागी काळ्या रेषेऐवजी तेजस्वी रेषा उभी राहते. शर्मिष्ठेतला गॅमा ताराही याच जातीचा. १८६६मध्ये सेक्की यांनी त्याच्यात अशी तेजस्वी रेषा पाहिली. ६५६.३ची रेषा टिपायला लाल प्रकाश रोखणारी गाळणी नसलेला कॅमेरा लागतो. तारा स्वतः चमकणारी रेषा देतो म्हणजे काय, हे इथे नीट समजून घेतलं की धूमकेतूची अर्धी तयारी झाली.

आता पाहुण्याकडे

धूमकेतूच्या डोक्यातला वायू अशाच तेजस्वी खुणा देतो, पण त्या बारीक रेषा नसतात. ते रुंद पट्टे असतात. त्यातले ठळक पट्टे दोन कार्बन अणूंच्या रेणूचे असतात, त्यांना स्वान पट्टे म्हणतात: ४७३.७, ५१६.५ आणि ५६३.५ नॅनोमीटरजवळ. १८६४मध्ये दोनाती यांनी धूमकेतूच्या वर्णपटात असे तीन पट्टे प्रथम पाहिले. १८६८मध्ये हगिन्स यांनी कार्बनयुक्त वायूतल्या ठिणगीच्या वर्णपटाशी ते ताडून पाहिले आणि ते जुळले. काही धूमकेतूंचं डोकं हिरवं दिसतं ते या ५१६.५च्या पट्ट्यामुळे. हा रेणू सूर्यप्रकाशात फार काळ टिकत नाही, शेपटीत दूर जाण्याआधीच तुटतो. म्हणून डोकं हिरवं, शेपटी नाही.

तारा बिंदू असतो म्हणून ग्रेटिंगपुढे प्रकाश अरुंद करणारी फट लागत नाही. धूमकेतूचं डोकं पसरलेलं असतं. ग्रेटिंग त्याची प्रत्येक रंगातली एक प्रतिमा काढतं आणि त्या प्रतिमा एकमेकींवर पडतात. रेषांऐवजी गोल डागांची माळ दिसते. डोक्याचा उजळ भाग ३ आर्कमिनिटांचा असेल, तर आपल्या मांडणीत तो सुमारे २० पिक्सेल, म्हणजे ९ नॅनोमीटर पसरतो. स्वान पट्ट्यांमध्ये चाळीसहून अधिक नॅनोमीटरचं अंतर असतं, त्यामुळे डाग वेगळे राहतात. पण डोकं २० आर्कमिनिटांचं असेल, तर पसारा ५८ नॅनोमीटरचा होतो आणि सगळं एकात एक मिसळतं. आधी डोळ्यांनी केलेली रुंदीची नोंद इथे उपयोगी पडते. वर्णपट निघेल का, हे ती संध्याकाळीच सांगते.

रंगांच्या पट्ट्याची दिशा शेपटीला काटकोनात ठेवा, म्हणजे शेपटी पट्ट्यावर पसरणार नाही. धूमकेतू फिका असतो, त्यामुळे आकाशाबरोबर फिरणारं ट्रॅकर लागतं, आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची अनेक चित्रं एकमेकांवर रचावी लागतात. त्याच उंचीवरच्या एका ओळखीच्या ताऱ्याचा वर्णपट आधी घ्या, एक नंतर. धुळीने परतवलेला सूर्यप्रकाश वेगळा काढायला सूर्यासारख्या पिवळ्या ताऱ्याचा वर्णपट घेऊन तो योग्य प्रमाणात वजा करा. जे उरतं ते वायूचं.

हाती आलेलं वाचताना मोजमापाचा आणि अर्थाचा तोल सांभाळावा लागतो. १९१०मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या वर्णपटात सायनोजेन सापडला. पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार होती, आणि जगभर लोक विषारी वायूच्या धास्तीने हादरले. वर्णपट खरा होता. पण शेपटी इतकी विरळ असते की त्या वायूचा पृथ्वीवर काही परिणाम होणं शक्यच नव्हतं. रेषा कुठला पदार्थ आहे ते सांगते. किती आहे, हे वेगळं मोजावं लागतं.

नोंद पाठवण्याजोगी कशी होते

तेजाच्या नोंदी स्लोव्हेनियातल्या चर्नी व्र्ह वेधशाळेने चालवलेल्या 'कोब्स' या संग्रहात कुणालाही पाठवता येतात. पॅरिस वेधशाळेच्या 'बेस' या संग्रहात अनुराधेसारख्या तेजस्वी रेषांच्या ताऱ्यांचे हौशी लोकांनी घेतलेले वर्णपट जमा होतात. त्यासाठी फट असलेलं, अधिक तपशील देणारं यंत्र लागतं, पण सवयी त्याच: जागतिक वेळ, ठिकाण, यंत्र, किती चित्रं, किती सेकंद, तुलनेचा तारा कोणता, आकाश कसं होतं. हाताला हात लावून शिकायचं असेल, तर पुण्यात १९४४पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे.

पुढचा ऑक्टोबर, २०२५चा, मी या तयारीने गाठला. सी/२०२५ ए६, लेमन नावाचा धूमकेतू २१ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला होता, नेमका लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. कोजागिरीच्या चांदण्याची अडचण या वेळी नव्हती. फटाक्यांचा धूर टाळायला शहराबाहेरच्या एका शेतावर गेलो. ढग होते, त्यांच्यातून वीस मिनिटं मोकळी मिळाली. आधी अभिजित घेतला, मग धूमकेतू, मग पुन्हा अभिजित. रचलेल्या चित्रात एक डाग स्पष्ट होता. अभिजितवरून काढलेल्या मापाने त्याची जागा ५१६ नॅनोमीटरच्या आसपास आली. त्याच्या निळ्या बाजूला दुसरा डाग असावा असं वाटत होतं, पण खात्री नव्हती, म्हणून वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह लिहिलं.

एवढीच नोंद. पण २०२४च्या चित्रांपेक्षा तिची किंमत मला फार मोठी वाटते, कारण तिच्या शेजारच्या पानावर त्याच रात्रीचा अभिजित आहे. दर ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं की पहिलं चित्र मी त्याचंच घेतो. पाहुणा येवो न येवो, माप तयार असतं.